तीन दहाचा खोकला

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मशीन खोकलं.

खुर्चीत कुणी नव्हतं. खुर्चीच्या हातावर प्लॅस्टिकची नळी नीट गुंडाळून ठेवलेली, उशीला अजून डोक्याचा खळगा, वर भिंतीवर जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा. दर सात सेकंदांनी ते ऑक्सिजनचं मशीन खोलीतली हवा आत ओढायचं, आतला व्हॉल्व्ह फिरायचा आणि एक लांब सुस्कारा बाहेर पडायचा. तीन दहाला तो सुस्कारा मध्येच तुटला. दोन सेकंद काहीच नाही. मग आत काहीतरी धाडकन आपटलं आणि मशीन धापा टाकत पुन्हा चालू लागलं.

"आले," वहिनी म्हणाली.

दारात उभ्या कानवालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. काटा आला म्हणून ती स्वतःवरच चिडली. बावीस वर्षं बंद पडलेल्या वस्तू उघडण्यात गेली होती. उघडलेल्या एकाही डब्यात तिला भूत सापडलं नव्हतं. उंदराची पिल्लं सापडली होती, एकदा कुणाचे तरी खोटे दातही. भूत नाही.

"वहिनी, मशीन बंद करा. रिकाम्या खुर्चीला कशाला हवा देताय?"

"तुमचं काम असेल ना खाली, वन्सं," वहिनी मान न वळवता म्हणाली. "जा तुम्ही."

वन्सं. तुम्ही. चार महिन्यांपूर्वीपर्यंत याच तोंडून "अगं ए बये, जेवलीस का?" अशी हाक यायची. दादा गेला त्या दिवसापासून वहिनी तिच्याशी मानानं बोलायला लागली, आणि त्या मानाचा एकेक शब्द कानवालीला कानफटात बसल्यासारखा लागत होता. वहिनीनं आरोप केला असता तर बरं झालं असतं. कानवालीला भांडता येत होतं. गप्प माणसाशी कसं भांडायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तसं तिला काहीच कुणी शिकवलं नव्हतं. वडिलांचं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं, आणि मुलीनं तिथे हिशेबालासुद्धा बसू नये असा घरचा कायदा. पण वडिलांना ऐकू कमी यायला लागलं. स्पीकरमधून माणसाच्या आवाजाबरोबर 'हूंऽऽ' असा घोगरा सूर येतोय, हे गिऱ्हाईक ओरडेपर्यंत त्यांना कळेना. नवव्या वर्षी ही पोरगी अ‍ॅम्प्लिफायरला कान लावून सांगायची, "बाबा, याचा मोठा कपॅसिटर गेला." कसं कळलं विचारलं तर म्हणायची, "कण्हतोय की." भिंतीतली वीज लाटेसारखी वरखाली होत येते, यंत्राला ती सपाट करून द्यावी लागते. सपाट करणारा भाग म्हातारा झाला की लाटेचा थोडा अंश आत झिरपतो. त्याला रिपल म्हणतात, हे तिला पुढे पुस्तकात कळलं. कान आधीपासून ओळखत होता. तेव्हापासून गल्लीत ती कानवाली. खरं नाव तिच्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हतं.

पदवीवाले इंजिनियर मागच्या दारानं तिच्याकडे बोर्ड आणून द्यायचे आणि पुढच्या दारानं स्वतःच दुरुस्त केल्याची ऐट मिरवायचे. एकानं दुकानात उभं राहून "बाईच्या हातात सोल्डरिंगची कांडी शोभत नाही" म्हटलं, तर तिनं त्याचा बोर्ड जसा आला तसा पुन्हा बिघडवून परत दिला. "घ्या. शोभेल अशा हाताकडे न्या." असा तिचा खाक्या.

दुकान इमारतीच्या तळमजल्यावर, घर तिसऱ्या मजल्यावर. दादा गाड्यांना फवाऱ्यानं रंग मारायचा. तोंडाला फडकं बांधून अठ्ठावीस वर्षं. मालकानं मुखवटा कधी दिला नाही, आणि दादानं कधी मागितला नाही. हे दोन्ही आठवून कानवालीच्या डोक्यात तिडीक जायची. फुप्फुसं रंगून गेली तेव्हा डॉक्टरांनी हे मशीन सांगितलं. जुनं घेतलं, पण चालू. दिवसातले सोळा तास दादा त्या खुर्चीत, नळी नाकाला, डोक्यावर तारेचा दिवा. घरात सगळीकडे नवे पांढरे दिवे आले होते. हा एवढा पिवळा त्यानं हट्टानं ठेवला. "तुमचे नवे दिवे सुईसारखे टोचतात," म्हणायचा.

जायच्या महिनाभर आधी त्यानं बहिणीला बोलावलं होतं.

"ए कान, हे मशीन मध्येच ठेचकाळतं गं."

"कधी?"

"दुपारी. झोप लागते तेवढ्यात."

ती मल्टिमीटर घेऊन वर आली. बोर्डावर काटेकोर पाच व्होल्ट. पाच मिनिटं धरून ठेवलं, आकडा हलला नाही. मशीनला कान लावला, सुस्कारे सुरळीत. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

"दादा, मशीन ठणठणीत आहे. तुझ्या डोक्यातच काहीतरी ठेचकाळतंय. म्हातारा झालास."

दादा हसला होता. हसता हसता खोकला होता. तरी त्याच्या समाधानासाठी तिनं बोर्डावरचे दोन कपॅसिटर बदलून टाकले. नवे, चांगल्या बनावटीचे. तीन आठवड्यांनी एका दुपारी वहिनी गच्चीवरून खाली आली तर मशीन गप्प. भोंगा वाजला नव्हता. त्या जुन्या मॉडेलमध्ये भोंगाही त्याच बोर्डावर चालायचा, आणि बोर्डच गोठला होता. दादा खुर्चीत होता. डोळे उघडे.

वहिनीनं वेड्यासारखा बटणाचा खटका खालीवर केला, आणि मशीन काही झालंच नाही अशा थाटात चालू झालं.

नंतर दोन कागद आले. मशीनच्या कंपनीचा: बाहेरील व्यक्तीने अंतर्गत दुरुस्ती केल्याचे आढळले, यंत्रात दोष नाही. वीज कार्यालयाचा: पुरवठा नियमानुसार आहे. दोघांनी हात झटकले आणि खापर आपोआप उरलेल्या एका डोक्यावर येऊन बसलं. इमारतीत कुणी तोंडावर बोललं नाही. पण तिसऱ्याच आठवड्यात समोरच्या मास्तरांनी आपला रेडिओ दुसरीकडे दुरुस्तीला नेला, झाकून, पिशवीत घालून.

तिच्या हातानं दादाचा जीव घेतला का, एवढाच प्रश्न होता. तो तिला उत्तरासकट हवा होता. मग उत्तर काहीही असो.

आधी तिनं एक पेटी बनवायला घेतली. दोन डोळ्यांची पेटी, असं ती म्हणायची. एक डोळा मशीनच्या आत, बोर्डाच्या पाच व्होल्टवर. पाच व्होल्ट बाजूला सारायचे, वर तरंगणारी बारीक थरथर तेवढी घ्यायची, शंभरपट मोठी करायची आणि तिचा सगळ्यात उंच शेंडा धरून ठेवायचा. मल्टिमीटर सरासरी सांगतो; माणूस दिवसातून एकदा मेला तरी सरासरीनं तो जिवंतच असतो. दुसरा डोळा भिंतीच्या विजेवर. छोट्या ट्रान्सफॉर्मरनं वीज उतरवून घ्यायची, वाटून बारीक करायची, आणि दोनशे व्होल्टच्या खाली गेली की वेळेसकट कार्डावर नोंद. नाजूक चिपला झटका बसू नये म्हणून वाटेत एक झेनर डायोड, पहारेकऱ्यासारखा: ठरलेल्या उंचीच्या वर काही आलं तर तो ते जमिनीत सोडून देणार. पेटीला वीज मात्र बॅटरीची. "ज्याच्यावर पाळत ठेवायची, त्याच्याच ताटात कसं जेवायचं?" ती स्वतःशीच म्हणाली.

खाली दुकानात तीन दहाला रोज दिवे किंचित मिणमिणायचे, हे तिला वर्षानुवर्षं माहीत होतं. त्या वेळी जिन्याखालचा पाण्याचा पंप सुरू व्हायचा. पंप सुरू होताना विजेचा मोठा घोट घेतो, दिवे मान टाकतात. वरही तसंच होत असणार, वीज खाली पडत असणार, मशीन गुदमरत असणार. सरळ हिशेब होता. म्हणून तर दुसरा डोळा तिनं खालीच रोखलेला.

वहिनीनं पेटी लावू दिली. एवढंच म्हणाली, "त्यांच्या खुर्चीला धक्का लावू नका."

पहिल्या दिवशी कार्ड खाली आणून तिनं वाचलं आणि तिच्या हातातली कांडी टेबलावर पडून टेबल जळत राहिलं.

रिपल चारशे मिलिव्होल्ट. पन्नासच्या आत असायला हवा. एवढ्या थरथरीत कुठलाही बोर्ड भरकटेल, गोठेल, मरेल. म्हणजे कपॅसिटर. तिचे कपॅसिटर. तिचा हात.

ती तीन दिवस दुकान उघडून बसली आणि एकही डबा उघडला नाही. गिऱ्हाईक आलं की म्हणायची, "मला येत नाही." गल्लीला वाटलं कानवालीनं थट्टा सुरू केली. चौथ्या दिवशी ती वर गेली, वहिनीला सांगायचंच ठरवून. वाक्य पाठ केलं होतं: वहिनी, मी मारलं. वहिनी आत भांडी घासत होती. पाण्याचा आवाज थांबायची वाट बघत कानवाली मशीनपाशी टेकली आणि हाताला चाळा म्हणून पेटीची दोन्ही टोकं तिनं बोर्डाच्या एकाच बिंदूवर टेकवली. एकाच ठिकाणी दोन्ही टोकं म्हणजे शून्य यायला हवं.

साडेतीनशे आले.

ती बघतच राहिली. मग पेटीच्या जमिनीच्या वायरकडे बघितलं. हातभर लांब, ऐसपैस वळसा घेऊन मशीनच्या मोटरवरून आलेली. तो वळसाच अँटेनासारखा मोटरचा गोंगाट गोळा करत होता. पेटी बोर्डाची थरथर मोजतच नव्हती. स्वतःच्याच लांब हाताची थरथर मोजत होती. नवशिक्या पोरांना ती ज्या चुकीसाठी शिव्या घालायची, तीच. घाबरलेल्या हातानं वायर कापली होती, ती लांबच कापली गेली.

वायर बोटाच्या पेराएवढी केली. रिपल पस्तीस.

"वन्सं, काही म्हणत होता का?" वहिनी ओले हात पुसत बाहेर आली.

"नाही. वायर कापायची होती."

पुढचे अकरा दिवस रिपल पस्तीसचा छत्तीस झाला नाही. तिचा हात निर्दोष सुटला. पण दुसऱ्या डोळ्यानं काय दाखवलं? काहीच नाही. एकदाही वीज दोनशेच्या खाली गेली नाही. आणि मशीन मात्र रोज तीन दहाला खोकत होतं. पंप रविवारी बंद असायचा, त्या दिवशी खोकला नाही. कानवाली रोज वर येऊन वहिनीशेजारी बसायची, कान टवकारून, डोळे पेटीवर. सुस्कारा तुटायचा. दोन सेकंद. धाडकन. कार्डावर कोरी ओळ.

बोर्डात दोष नाही. विजेत दोष नाही. मग खोकतंय कोण?

आता तिला दुकानात बसल्या बसल्याही तो ऐकू येऊ लागला. तीन वाजून गेले की हातातलं काम सुटायचं. दुकानातले दिवे मान टाकायचे, आणि तीन मजले वरचा खोकला तिला स्लॅबमधून, भिंतीतून, स्वतःच्या बरगड्यांतून यायचा. ए कान, हे ठेचकाळतं गं. एकदा तिनं मोठ्यानं उत्तर दिलं, "बघते रे दादा." समोरचं गिऱ्हाईक आपला पंखा उचलून चालतं झालं.

बाराव्या दिवशी ती वर बसली होती. खोकला झाला. वहिनीच्या चेहऱ्यावर रोजचं ते हसू आलं, दारात ओळखीचं माणूस दिसल्यासारखं.

"मला नाही दिसत काही," कानवाली फटकन म्हणाली. "आवाज येतो. तो मशीनचा आहे."

"तुम्ही पेटीकडे बघत बसता. कसं दिसेल?"

"मग कुठे बघू?"

"दिव्याकडे," वहिनी म्हणाली. "ते आले की दिवा मोठा होतो."

कानवालीच्या ओठांवर टोमणा आला होता. तो तिथेच सुकला.

"मोठा?"

"हो."

"वहिनी, नीट सांगा. बारीक होतो की मोठा होतो?"

"मला दिवा मोठा झालेला कळत नाही होय? पिवळ्याचा पांढरा होतो. दोन क्षण. सगळ्या खोलीत ऊन पडल्यासारखं होतं, मग पुन्हा होता तसा. रोज. चार महिने बघतेय मी, वन्सं. तुम्हाला सांगितलं असतं, पण तुम्ही म्हणाला असता डोक्यावर परिणाम झालाय."

म्हणालीच असती. यात शंकाच नव्हती.

कानवाली उठली ती जिन्याच्या दोन दोन पायऱ्या उतरत दुकानात आली. पेटीचा नकाशा टेबलावर पसरला आणि तिथेच, दुसऱ्या डोळ्याच्या वाटेवर, तिनं स्वतःच्या हातानं बसवलेला झेनर तिच्याकडे बघत होता. ठरलेल्या उंचीच्या वरचं सगळं जमिनीत सोडणारा पहारेकरी. अडीचशे व्होल्टच्या वर काहीही आलं तरी तो त्याची मान छाटत होता आणि पेटीला सांगत होता, सगळं ठीक. वीज वर जाईल, हे तिच्या मनातच नव्हतं. तिनं डोळा खाली लावला होता आणि वरून झापड बांधली होती. घरातले सगळे नवे दिवे असला झटका गिळून गप्प बसत होते. दाखवत होता तो दादाच्या हट्टाचा एकटा तारेचा दिवा, आणि बघत होती ती एकटी वहिनी.

दोन तासांत तिनं वीज वाटून बारीक करणारी विभागणी बदलली, पहारेकऱ्याला चारशे व्होल्टच्या उंबऱ्यावर नेऊन उभं केलं. दुसऱ्या दिवशी तीन दहाला पेटीनं पहिली ओळ लिहिली: दोनशे एकतीस. तीनशे सात. दोनशे एकेचाळीस. मधला आकडा पावणेदोन सेकंद. तेवढ्यात मशीन घाबरून स्वतःला मिटून घेत होतं आणि वीज खाली आली की धाडकन उघडत होतं. त्या एका दुपारी ते उघडलं नव्हतं. इमारतीला वीज तीन वेगळ्या तारांनी, तीन फेजनी यायची; पंप एका फेजवर, तळमजल्याच्या. तिसरा मजला दुसऱ्या फेजवर. खाली पंपानं ओढलं की वर वीज उसळायची. हे एकाच कारणानं होतं: तिन्ही फेजना समतोल धरणारी परतीची वायर, न्यूट्रल, कुठेतरी सुटत आलेली. आणि ती जोडणी जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीत, वीज कार्यालयाच्या सीलखाली. पुरवठा नियमानुसार आहे.

कागद घेऊन ती कार्यालयात गेली. साहेबांनी आलेख उलटा धरला, मग सुलटा केला.

"हे कुठल्या प्रमाणित उपकरणाचं आहे?"

"माझ्या."

"म्हणजे घरगुती."

"माझा भाऊ घरगुतीच मेलाय, साहेब. प्रमाणित नाही."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण कागदात दम होता हे त्यांनाही दिसत होतं. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा बाई, तपासणी पथक येईल. तीन आठवडे धरा. त्यांच्या यंत्रावर हे दिसलं तर तुमचं म्हणणं नोंदलं जाईल, त्याच्या आधारे कंपनीच्या कागदातला तुमच्यावरचा शेराही निघेल. पण तोपर्यंत त्या जोडणीला कुणालाही हात लावू देऊ नका. दुरुस्त झालं तर मग तक्रारच उरत नाही."

तीन आठवडे. चार महिने काढले होते, तीन आठवडे म्हणजे काय? ती चक्क शीळ घालत घरी आली. जिन्यात मास्तर भेटले. रेडिओ प्रकरणापासून नजर चुकवायचे, आज थांबले. चेहरा उतरलेला.

"तुला विचारायचं होतं. म्हणजे, तुला राग येणार नसेल तर. हिला पण डॉक्टरांनी तेच मशीन सांगितलंय. दादाला होतं तसं. उद्या येतंय. ते... त्याला काही वेगळी वायर लागते का?"

मास्तरांचं घर समोर. त्याच मजल्यावर, त्याच फेजवर.

ती रात्र तिनं कशी काढली ते सांगत बसण्यात अर्थ नाही. सकाळी ती वहिनीसमोर बसली आणि सगळं सांगितलं. झेनर, न्यूट्रल, तीन आठवडे, मास्तरीणबाई. वहिनी तांदूळ निवडत होती. बोटं थांबली नाहीत.

"आज जोडणी घट्ट करून घेतली," कानवाली शेवटी म्हणाली, "तर माझ्याकडे कागदाशिवाय काही राहणार नाही. ते म्हणतील, घरी बसून काढलेल्या रेघा आहेत. शेरा जन्मभर माझ्या नावावर."

"आणि खोकला?"

"थांबेल."

बोटं थांबली.

"म्हणजे ते यायचे बंद होणार."

कानवालीला म्हणायचं होतं, तो येतच नव्हता, वहिनी. इतक्या आकड्यांनिशी ते सिद्ध करता आलं असतं. वहिनीनं तांदळातला एक खडा उचलून काठावर ठेवला.

"त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. ठेचकाळतं म्हणून."

"हो."

"तुम्ही काय म्हणालात ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं."

कानवालीनं मान खाली घातली. कपॅसिटर सुटले होते, हात सुटला होता. हे राहिलं होतं. अख्खी गल्ली जिच्या कानाची शपथ घ्यायची, तिनं सख्ख्या भावाचं एक वाक्य ऐकून घेतलं नव्हतं. दुपारी म्हणाला तर सकाळी अकराला येऊन बघून गेली होती. हे कुठल्या पेटीनं मोजायचं?

"मलाही सांगितलं होतं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज आता खूप लांबून येत होता. "'अगं, तीनच्या सुमारास इथे बसत जा, मला भीती वाटते.' मी म्हटलं, तीनला पंप सुरू होतो, गच्चीवर टाकी बघायची पाळी असते. तुम्हाला काय, बसून बसून भास होतात. मग वन्सं, तुमच्यावर मी कसं बोट ठेवू? म्हणून बोलले नाही. बोलले असते तर माझंही सांगावं लागलं असतं."

मशीन बंद होतं. तरी दोघी त्याच्याकडेच बघत होत्या.

"मास्तरीणबाईंचं मशीन किती वाजता यायचंय?"

"संध्याकाळी."

"मग बोलवा त्याला. तारवाल्याला."

वीज कार्यालयात तक्रार दिली तर आठ दिवस. पण जळका वास येतोय असं सांगितलं की तासाभरात माणूस येतो, हे कानवालीला ठाऊक होतं. ती वासाचीच तक्रार देऊन मोकळी झाली. लाइनमन आला, सील तोडलं, पत्र्याचं झाकण उघडलं आणि शीळ वाजवायला मुडपलेले त्याचे ओठ तसेच राहिले. न्यूट्रलची जोडणी कोळशासारखी काळी. पक्कड लावली तर टोक भुगा होऊन हातात आलं.

"वासाचं खोटं सांगितलंत असं वाटत होतं," तो म्हणाला. "ही किती दिवस अशी आहे?"

"लिहून द्याल? जे बघितलंत ते?"

त्यानं मागेपुढे बघितलं. "ताई, मी रोजंदारीवर आहे. मी लिहिलं, 'जोडणी घट्ट केली.' बास." मग त्यानं ते जळकं टोक कागदात गुंडाळलं आणि तिच्या हातात दिलं. "हे कचऱ्यात टाकायचं असतं. कुठल्या कचऱ्यात, ते कुठे लिहिलेलं नाही."

अडीचला ती वर आली. वहिनीनं मशीन लावलं होतं, दिवा लावला होता. पेटीही चालू. दोघी शेजारी बसल्या. तीनला पाच कमी असताना वहिनी उठली.

"आज टाकीची पाळी आपली आहे. चार महिने शेजारच्यांनी केली."

"मी जाते वर."

"नको. मी जाते. तू बस इथे." ती दारात थांबली. "कुणीतरी बसायला हवं ना गं, बये."

चपलांचा आवाज जिन्यानं वर वर जात विरला. कानवाली एकटी उरली. खुर्ची, नळी, उशीचा खळगा. खिशात जळकं टोक मांडीला टोचत होतं. खाली पंप सुरू झाल्याची घरघर तिला पायाच्या तळव्यांतून कळली. दिवा पिवळाच राहिला. मशीनचे सुस्कारे एकामागून एक, एकही तुटला नाही. पेटीवरचा आकडा दोनशे तीस, दोनशे एकोणतीस, दोनशे तीस.

आणि तिला खोकला ऐकू आला.

मशीनचा नव्हता, मशीनचा सुस्कारा त्याच वेळी चालू होता, दोन्ही वेगळे ऐकू आले. तिच्या डाव्या बाजूनं आला, खुर्चीच्या उंचीवरून. आधी थोडं हसू, मग खोकला. तिनं पेटीकडे बघितलं. पेटीनं काही लिहिलं नव्हतं. तिनं दिव्याकडे बघितलं.

या वेळी ती हलली नाही. मल्टिमीटर काढला नाही, कुठली वायर धरली नाही. खुर्चीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, "हं. सांग. ऐकतेय."